लांबलेली कातरवेळ

मराठीत हिवाळा हा सुखाचा ऋतू आहे, आणि भाषांतर करणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते. 'हिवाळा' म्हटले की वाचकाच्या मनात हुरडा येतो, शेकोटी येते, बाजरीची गरम भाकरी आणि तिच्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा येतो; वर्तमानपत्रांनी वापरून झिजवलेली 'गुलाबी थंडी' तर येतेच येते. उन्हाने भाजून निघणाऱ्या आणि पावसाने कुजत राहणाऱ्या प्रदेशाला हे तीन-चार महिनेच काय ते सुसह्य, तेव्हा भाषेने त्यांचे लाड केले यात नवल नाही. याला अपवाद आहेत. फुटपाथवर, ऊसतोडीच्या कोपीत, माणसे जास्त आणि गोधड्या कमी असलेल्या घरात थंडी वैरीण असते, आणि आपल्या दलित व ग्रामीण साहित्याने हे वैर नोंदवलेले आहे. मात्र तिथेही भांडण थंडीशी आहे, अंधाराशी नाही. पुण्या-मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक काय तो सव्वादोन तासांचा. एवढ्याशा फरकासाठी भाषा वेगळे दुःख घडवत नाही.

गेली दोन वर्षे मी क्रिस्टियाने रिटर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीच्या पुस्तकातले काही भाग, इंग्रजी भाषांतराच्या आधाराने, मराठीत आणते आहे. 1934 साली ही बाई नवऱ्याच्या बोलावण्यावरून स्पिट्सबर्गेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा झोपडीत वर्षभर राहायला गेली. नवरा शिकारी, सोबतीला कार्ल नावाचा एक तरुण नॉर्वेजियन शिकारी. तिथे ऑक्टोबरात सूर्य दिसेनासा होतो तो फेब्रुवारीपर्यंत उगवत नाही. 1938 साली तिने या वर्षावर पुस्तक लिहिले. ते तिचे एकमेव पुस्तक. (बाई पुढे 2000 सालापर्यंत, म्हणजे वयाची शंभरी ओलांडून, जगल्या.) त्यातले बर्फ मराठीत येते, अस्वलेही येतात. अडते ते अंधारापाशी. 'हिवाळा' हा शब्द लिहिला की पानावर नको ती ऊब येते. 'ध्रुवीय रात्र' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला, त्याला काहीच वास नाही. आणि त्या रात्रीत माणसाला जे होते त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न तर त्याहून अवघड. हा लेख त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

आधी त्या दुखण्याविषयी. मूळचा दक्षिण आफ्रिकेतला मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल अमेरिकेत आला आणि तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो, वसंतात परततो, हे त्याला स्वतःवरूनच जाणवले. 1984 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 29 रुग्णांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि या दुखण्याला नाव दिले. इंग्रजीत त्या नावाची आद्याक्षरे जोडली की 'सॅड' असा शब्द होतो, त्यामुळे ते लगेच लोकांच्या तोंडी बसले. मला या निबंधातल्या लक्षणांमध्ये रस आहे. साहित्यातला उदास माणूस कसा असतो? त्याला झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, तो झुरतो. या दुखण्यातला माणूस बहुधा याच्या उलट वागतो. तो दहा-दहा तास झोपतो आणि तरी उठवत नाही. त्याला भात, बटाटे, पाव, गोड यांची वखवख सुटते. त्याचे वजन वाढते. हातपाय शिशाचे होतात. असा नायक कोणत्याही कादंबरीला शोभत नाही, आणि घरच्यांना तर तो निव्वळ आळशी वाटतो. नाव मिळण्याचे महत्त्व मला इथे दिसते. ज्याला विरही म्हणता येत नाही आणि आळशी म्हणता येते, अशा माणसाला निदानाने थोडी प्रतिष्ठा मिळाली.

कारण सांगताना शास्त्र अजून सावध आहे, पण प्रकाशाचा धागा पक्का आहे. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज काही पेशी अशा असतात की ज्या फक्त उजेड किती आहे एवढे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळी हा निरोप पोचला नाही की शरीराची रात्र लांबते. म्हणून उपचारही प्रकाशाचाच: सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसायचे. (ज्यांना डोळ्यांचा विकार आहे किंवा ज्यांच्या मनाचा लंबक दोन्ही टोकांना जातो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.) बऱ्याच जणांना याने खरोखरच उतार पडतो. पण सगळे गणित अक्षांशाचे आहे असे समजू नये. आइसलंडमध्ये पाहणी झाली तेव्हा तिथे हे दुखणे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळले. उत्तरेकडे जावे तितके दुःख वाढावे, हा सरळ हिशेब तिथे चुकला. समीक्षकाने हे लक्षात ठेवलेले बरे; पुढे ते उपयोगी पडेल.

दुखण्याला नाव नव्हते तेव्हाही उपचार होता. 1898 साली 'बेल्जिका' हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले आणि त्यावरच्या लोकांनी तिथली पहिली हिवाळी रात्र काढली. जहाजाचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याने खचलेल्या खलाशांना कपडे उतरवून रोज जळत्या शेगडीसमोर उभे करायला सुरुवात केली. त्याच्या 1900 सालच्या पुस्तकात चेहरे पिवळे पडल्याची, माणसे एकमेकांना आणि स्वतःला कंटाळल्याची वर्णने आहेत. हा कुक पुढे उत्तर ध्रुवावर पोचल्याच्या दाव्यामुळे बदनाम झाला, आणि त्या बदनामीत त्याचे हे निरीक्षणही झाकले गेले. लेखक म्हणून तो मोठा नाही. पण वैद्याची नजर असलेला माणूस अंधाराबद्दल लिहितो तेव्हा विशेषणे कमी वापरतो, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता शब्दांकडे. वैद्यकीय मराठीत या दुखण्याला 'ऋतुजन्य नैराश्य' अशा धर्तीचे नाव दिले जाते. ते मला पटत नाही. नैराश्य म्हणजे आशा नसणे. इथे आशा असते, एवढेच नव्हे तर तारखेसकट असते. मार्चमध्ये उजेड येणार हे रुग्णाला पक्के ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही आज उठवत नाही, हीच तर या दुखण्याची खोच आहे. 'विषाद' म्हटले की अर्जुन समोर येतो आणि त्याच्यामागे तत्त्वज्ञान येते. 'खिन्नता' फार नाजूक. माझ्या मते योग्य शब्द 'मरगळ' आहे. पाणी न मिळालेल्या रोपाला येते ती. त्यात शरीर आहे, पान खाली लोंबणे आहे, आणि पाणी घातले की उठण्याची शक्यताही आहे; पाण्याच्या जागी उजेड ठेवला की झाले. फिनिश भाषेत नोव्हेंबरला 'मर्रास्कू' म्हणतात आणि त्यातल्या 'मर्रास' शब्दाचे नाते मरणाशी आहे. मरगळ आणि मर्रास यांचा ध्वनी जुळतो तो निव्वळ योगायोगाने, पण भाषांतरकाराला असे योगायोग फुकट मिळाले तर त्याने नाकारू नयेत.

मी हेलसिंकीत दोन हिवाळे काढले आहेत, म्हणून हा महिना मला माहीत आहे. हेलसिंकी ध्रुवीय वर्तुळाच्या बरीच खाली, साठ अंशांवर. तिथे सूर्य उगवतो, पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेनऊच्या सुमारास उगवून सव्वातीनला जातो, आणि मधले सहा तासही बहुधा ढगांचे. डिसेंबरात निदान बर्फ पडते, बर्फाने उजेड दुप्पट होतो, खिडक्यांमध्ये दिवे लागतात. नोव्हेंबरात यातले काहीच नसते. काळा डांबरी रस्ता, काळे पाणी, ओली पाने. फोनवर घरी सांगितले की सारखी झोप येते, तर घरून उत्तर येई, थंडीच आहे ना, झोप येणारच. या उत्तरात माया होती आणि ते मराठीत अगदी बरोबर होते. मला जे सांगायचे होते ते सांगण्याची सोयच भाषेत नव्हती.

की होती? मराठीत अंधाराचे दुःख वर्षाचे नाही, दिवसाचे आहे. कातरवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण: एवढ्या शब्दांनी आपण दिवसातली अर्धी-पाऊण घटका वेढून ठेवली आहे. त्या वेळी झोपू नये, केर काढू नये, उंबऱ्यात बसू नये, घरातल्या आजारी माणसाला एकटे ठेवू नये. हे सगळे नियम म्हणजे मन खचण्याची वेळ ओळखून समाजाने लावलेले टेकूच आहेत. ग्रेस यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'संध्याकाळच्या कविता' (1967) असावे आणि त्यांच्या सगळ्याच कवितेत ती वेळ मुरलेली असावी, हे त्यांचे खाजगी वेड म्हणून सोडून देता येणार नाही. भाषेने आधीच एक दालन बांधून ठेवले होते, ग्रेस त्यात राहायला गेले. आणि त्याआधी बालकवींना जी उदासीनता कुठून येते ते कळत नव्हते, तीही याच घराण्यातली.

योगायोग असा की ध्रुवीय रात्र ही खरोखर रात्र नसते, निदान सगळीकडे नसते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. पण दुपारी काही तास आभाळ निळे-जांभळे होते, बर्फ निळे दिसते, घरातले दिवे पिवळे दिसतात. ही हुबेहूब कातरवेळ आहे. सूर्य मावळल्यानंतरचा तो मधला उजेड, फक्त तो सूर्य मावळल्याशिवाय येतो आणि दोन महिने रोज भरदुपारी येतो. म्हणून माझ्या मसुद्यात मी 'ध्रुवीय रात्र' खोडून 'लांबलेली कातरवेळ' असे लिहून पाहिले. वाचकाच्या पोटात लगेच खड्डा पडतो, म्हणजे शब्द लागू पडला. अडचण एवढीच की आपली कातरवेळ संपते. दिवा लावला, हात जोडले, लहान मुलांनी शुभंकरोति म्हटले की ती रात्रीत विरून जाते, आणि तिचे नियम ती संपणार या भरवशावरच बेतलेले आहेत. दोन महिने केर न काढता कसे राहणार?

संस्कृतात आणखी एक शब्द पडून आहे: 'दुर्दिन'. मराठीत त्याचा अर्थ वाईट दिवस, विपत्ती एवढाच उरला. अमरकोशात मात्र त्याचा अर्थ आहे ढगांनी झाकलेला दिवस. म्हणजे या भाषांना एके काळी ठाऊक होते की आभाळ काळवंडणे आणि दिवस वाईट असणे या दोन गोष्टी एकाच शब्दात बसतात. आपला खरा अंधारा ऋतू आषाढ आहे. यक्षाला मेघ दिसतो तो आषाढाच्या पहिल्या दिवशी, शिशिरात नव्हे. कोकणात किंवा विदर्भात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, भिंती घाम टाकतात, कपडे वाळत नाहीत, आणि घरातली एखादी व्यक्ती गप्प होत जाते. पावसाळी कवितांच्या ढिगाऱ्यात या गप्प माणसाबद्दल किती कमी लिहिले गेले आहे! तिथेही भाषेने पावसाचे लाडच केले.

रिटरकडे परत येते. तिच्या पुस्तकाचे मोठेपण मला तिच्या कामांच्या यादीत दिसते. शेगडी धूर ओकते, भिंतींवर काजळी बसते, ती काजळी घासते, कातडी शिवते, भाजते, बर्फ उपसते. दोघे पुरुष शिकारीला गेलेले असताना वादळ होते आणि कित्येक दिवस ती झोपडीत एकटी असते. झोपडी बर्फाखाली गाडली जाते. ती खणून बाहेर येते, पुन्हा गाडली जाते, पुन्हा खणते. भीतीचे वर्णन फारसे नाही. पुढे चंद्राची रात्र येते, आणि मग ती हळूहळू चळू लागते. त्या उजेडाने आपण आरपार दिसेनासे झालो आहोत असे तिला वाटू लागते. पुरुष तिला बाहेर जाऊ देत नाहीत, हाताला काम देतात. शिकाऱ्यांच्या बोलीत या चळण्याला 'रार' असा एक छोटासा शब्द आहे, विचित्रपण अशा अर्थाचा. निदान नाही, निंदाही नाही. हिवाळा काढलेला माणूस थोडा रार होतो, एवढेच, आणि मग सोबत्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचे. मला या शब्दाचा हेवा वाटतो. आपल्याकडे 'जरा हललाय' म्हणतात, पण त्यात हसू आहे.

पुस्तकाचा शेवटचा भाग मला तितका आवडत नाही. तिथे बाईंना साक्षात्कार होऊ लागतात. निसर्ग मोठ्या अक्षरात येतो, माणसाने सगळे टाकून या एकांतात यावे असा सूर लागतो. काजळी घासणारी रिटर विश्वास ठेवण्याजोगी आहे, उपदेश करणारी तितकी नाही. अर्थात मिकल नावाच्या माणसाळलेल्या कोल्ह्याला मारू नका म्हणून ती शिकाऱ्यांना विनवते, तो भाग मी या तक्रारीतून वगळते.

अंधारावरचे माझ्या मते सर्वांत शहाणे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले आहे. टूव्हे यान्सन ही फिनलंडमधली, स्वीडिश भाषेत लिहिणारी लेखिका. तिच्या मूमिन कुटुंबातले गोलमटोल प्राणी हिवाळाभर झोपतात. 1957 सालच्या 'ट्रोलव्हिंटर' या पुस्तकात त्यांच्यातला मुलगा मध्येच जागा होतो आणि त्याला पुन्हा झोप लागत नाही. आई हलवूनही उठत नाही. बाहेर सूर्य नाही, ओळखीचे कोणी नाही. पहिला अर्धा भाग तो रागावलेला आहे. माझी सृष्टी कुणी पळवली, असा त्याचा राग आहे, आणि औदासीन्याच्या पोटात इतका लहान मुलाचा राग असतो हे फार थोड्या मोठ्यांच्या पुस्तकांनी सांगितले आहे. त्याला भेटते टू-टिकी. ती त्याचे सांत्वन करत नाही. ती बर्फाखाली मासे पकडते, सूप करते, विचारले तर उत्तर देते, आणि हिवाळ्यात जे लाजरेबुजरे, विचित्र प्राणी बाहेर येतात त्यांच्यासाठी जागा ठेवते. थंडीची राणी येऊन जाते तेव्हा एक खार खरोखर गोठते. मोठी होळी पेटवली जाते. मग सूर्य येतो तो एक रेघ दाखवून लगेच बुडतो, आणि मूमिनला फसवल्यासारखे वाटते. हा तपशील फक्त तिथे राहिलेल्यालाच सुचेल. उजेड हप्त्याहप्त्याने येतो आणि पहिला हप्ता अपमान वाटावा इतका लहान असतो.

याच पुस्तकात एक हेम्युलन येतो. स्कीवरून, पितळी शिंग वाजवत. त्याला थंड पाण्याची अंघोळ आवडते, खिडक्या उघड्या टाकायला आवडतात, सगळ्यांनी व्यायाम केला तर सगळ्यांना बरे वाटेल याची त्याला खात्री असते. त्याच्या येण्याने सगळी दरी त्रस्त होते. अलीकडच्या दहा वर्षांत हिवाळ्यावर निघालेली इंग्रजी पुस्तके वाचताना मला हा प्राणी वारंवार आठवला. मेइक विकिंग यांच्या 2016 सालच्या पुस्तकाने डेन्मार्कचे 'ह्युगे' जगभर विकले: मेणबत्त्या, लोकरी मोजे, गरम पेय. यात वाईट काही नाही. फक्त एक मीटरवरची मेणबत्ती सुमारे एक लक्स उजेड देते, आणि उपचाराला दहा हजार लागतात; तेव्हा मेणबत्ती कशाचा उपाय आहे याबद्दल गोंधळ नको. ती एकटेपणावर उपाय आहे, तोही दुसरे कोणी खोलीत असेल तर. यान्सन मात्र हेम्युलनशी माझ्यापेक्षा न्यायाने वागते. एका अगदी लहान प्राण्याचा त्याच्यावर जीव जडतो, एका दुःखी कुत्र्याला त्याच्यामुळे आधार मिळतो, आणि त्याला हुसकावून लावू पाहणारा मूमिन ऐन वेळी विरघळतो. उत्साही माणसे असह्य असतात आणि काही जणांना तीच वाचवतात, या दोन्ही गोष्टी तिने एकाच प्रकरणात मान्य केल्या आहेत.

कॅथरीन मे यांचे 'विंटरिंग' (2020) हे या लाटेतले सर्वांत गंभीर पुस्तक. नवऱ्याचे आजारपण, स्वतःचे आजारपण, नोकरी सोडणे, मुलाची शाळा सुटणे, आणि या सगळ्यात समुद्रात थंड पाण्यात उतरणे. लेखिका प्रामाणिक आहे. माझा आक्षेप तिच्या मूळ कल्पनेला आहे. तिच्याकडे हिवाळा हे रूपक होते: आयुष्यातला कोणताही पडका काळ म्हणजे हिवाळा, आणि तो भर उन्हाळ्यातही येऊ शकतो. एकदा असे म्हटले की खरा हिवाळा शोभेपुरता उरतो. ज्याचे दुखणे नोव्हेंबरात येते आणि मार्चमध्ये जाते, ज्याला आयुष्याविषयी काही तक्रार नाही, फक्त खिडकीबाहेर उजेड नाही, त्याला या रूपकाचा उपयोग काय? उलट त्याला वाटते की आपल्या सुस्तीमागे काहीतरी खोल अर्थ असला पाहिजे आणि तो आपल्याला सापडत नाही. रूपकाने आजाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम टाकले.

मग याच्या उलट टोकाला जावे का? सगळी उदासी लक्समध्ये मोजावी? इथे मला हिंदीतले एक उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण ते या नियतकालिकाच्या सर्वच वाचकांच्या ओळखीचे असेल. निर्मल वर्मांच्या लेखनावर वर्षानुवर्षे एक आक्षेप घेतला गेला की त्यातली उदासी उसनी आहे, युरोपातून आणलेली आहे, तिच्यामागे इथले कोणतेही सामाजिक कारण दिसत नाही. 'वे दिन' (1964) आता पुन्हा वाचावी. नाताळच्या सुमारचे प्राग, परक्या शहरात राहणारा भारतीय विद्यार्थी, ऑस्ट्रियातून आलेली रायना आणि तिचा मुलगा. मोजकेच दिवस. प्राग पन्नास अंशांवर आहे. तिथे डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य जातो. या माणसांचे उशिरा उठणे, शेगडीजवळ बसून राहणे, पिणे, अर्धवट वाक्ये, खोलीतून बाहेर पडण्याचा कंटाळा, हे सगळे त्या उजेडासकट वाचले की 'उसनी' हा शब्द गळून पडतो. वर्मा तिथे राहिले होते. त्यांनी शरीराला जे झाले ते लिहिले, आणि दिल्लीच्या उन्हात बसलेल्या समीक्षकांना त्यात तत्त्वज्ञानाची नक्कल दिसली.

इतके म्हटल्यावर लगेच थांबायला हवे. रायनाच्या मागे युद्धाची सावली आहे आणि ती कोणत्याही दिव्याने जाणारी नाही. आणि 'लाल टीन की छत' (1974) घेतली तर अक्षांशाचा हिशेब तिथे पुन्हा कोलमडतो. सिमल्यात डिसेंबरचा दिवस दहा तासांचा असतो, ऊन लख्ख असते. तरीही वयात येणाऱ्या कायाचे एकटेपण हिवाळ्याचेच आहे. कारण तिथे हिवाळा म्हणजे माणसे जाणे. गर्दी मैदानात उतरते, घरांना कुलपे लागतात, शहर ओसाड होते. काश्मिरात चिल्लई कलांचे चाळीस दिवस असेच पाण्याचे नळ आणि रस्ते गोठवतात, पण तिथे कांगडीभोवती घर भरलेले असते. उजेड तेवढाच, हिवाळे वेगळे. आइसलंडच्या पाहणीने जे सुचवले तेच कादंबरीही सुचवते: किती अंधार आहे याइतकेच, अंधारात कोण बरोबर आहे हेही मोजावे लागते. त्याचे एकक अजून कुणी ठरवलेले नाही, आणि तोवर कादंबऱ्यांना काम आहे.

परदेशस्थ मराठी लेखनाकडून या बाबतीत मला अपेक्षा होती. पन्नासएक वर्षे मराठी माणसे टोरांटो, शिकागो, लंडन, स्टॉकहोम इथे हिवाळे काढत आहेत. त्यांच्या ललित लेखनात पहिले बर्फ भरपूर पडते. बर्फातली दिवाळी, बर्फातला गणपती, फावड्याने उपसलेला रस्ता. चार वाजता अंधारलेल्या खोलीत दिवा न लावता बसून राहिलेली बाई मला त्यात क्वचितच भेटली. ती असणार, हे मला माहीत आहे. तिला बहुधा आपण घराच्या आठवणीने व्याकूळ आहोत असेच वाटत असेल, कारण मराठीत त्यासाठी तयार शब्द आहे आणि तिला घरचे तेच सांगतात.

अगदी देशातही हा शब्द लागेल. नोकरीनिमित्त पुण्याहून गुवाहाटीला गेलेली माझी एक मैत्रीण सांगते की तिथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि कचेरी सुटते तेव्हा मिट्ट काळोख असतो. दिवस पुण्याहून फार लहान नाही, घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी पूर्वीपासून आपले घड्याळ तासभर पुढे ठेवले, ते उगाच नाही. तिची कातरवेळ कामाच्या टेबलावर येते. तिथे दिवा लावायला कोणी उठत नाही, कारण ट्यूबलाइट सकाळपासून चालूच असते. मी तिला मसुद्यातली काही पाने पाठवली होती. 'लांबलेली कातरवेळ' तिला आवडले. पण एका क्रियापदाला तिने हरकत घेतली.

रिटरच्या झोपडीवरून सूर्य शेवटचा दिसतो, त्या ठिकाणी मी 'सूर्य मावळला' असे लिहिले होते. मैत्रिणीचे म्हणणे, मावळला म्हटले की उद्या उगवणार हे त्यातच आले. तिने सुचवले, 'सूर्य गेला'. मराठीत माणूस गेला म्हणतात तेव्हा तो परत येत नाही. रिटरला मात्र तो फेब्रुवारीत येणार हे ठाऊक आहे, आणि त्या शेवटच्या दिवशी तिचा त्यावर विश्वास नाही. मसुद्यात सध्या दोन्ही क्रियापदे एकाखाली एक आहेत.